उतारा नेमका कशावर?

‘उतारा’ या आपल्या एकाच शब्दात दोन वेगळ्या अपेक्षा दडलेल्या आहेत. चढलेली दारू लवकर उतरावी ही एक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोके ठणकू नये ही दुसरी. सप्लिमेंट विकणारे दोन्हींचे आश्वासन एका दमात देतात. चाचणी घेणाऱ्याला मात्र त्या वेगळ्या कराव्याच लागतात, कारण नशा रक्तात दारू असेपर्यंतच असते, तर हँगओव्हर रक्तातली दारू जवळजवळ संपत आल्यावर जोर धरतो.

पहिल्या अपेक्षेची परीक्षा तुलनेने सोपी आहे. यकृतातली विकरे दारूचे आधी ॲसिटाल्डिहाइड आणि मग ॲसिटेट करतात, आणि रक्तातले तिचे प्रमाण तासाला १०० मिलीलिटरमागे साधारण १५ मिलिग्रॅमने घटते. एखादी गोळी हा वेग वाढवते असे कोणी म्हणत असेल, तर ठरावीक वेळांनी रक्त काढून ते पाहता येते. ‘आता बरे वाटते का’ एवढेच विचारून ते कळत नाही. मी यावर इतका भर देतो, कारण आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि गोळीमुळे नुसते तरतरीत वाटू लागलेला माणूस ती मर्यादा ओलांडलेली असतानाही गाडी काढू शकतो.

हँगओव्हरला असा एक आकडा नाही. डोकेदुखी, मळमळ, थकवा, तहान यांना ज्याचे त्यानेच गुण द्यायचे, म्हणून इथे प्लासिबो, म्हणजे औषधासारखीच दिसणारी पण निष्क्रिय गोळी, अत्यावश्यक ठरतो. २००३ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात आर्टिचोकच्या अर्काची अशी एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात १५ स्वयंसेवकांनी पिण्याच्या लगेच आधी आणि नंतर तीन-तीन कॅप्सूल घेतल्या, आठवड्याच्या अंतराने एकदा अर्काच्या आणि एकदा हुबेहूब तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय. शुद्ध अल्कोहोल शरीराच्या वजनाच्या किलोमागे सरासरी १.२ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला आपल्याकडचे ३० मिलीचे सुमारे आठ पेग झाले. अर्क प्लासिबोपेक्षा सरस ठरला नाही. पंधरा माणसे थोडीच, पण प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच झाली, ही पद्धत मला फार मोलाची वाटते. अशा प्रयोगात जेवणही सारखेच हवे. भरल्या पोटी दारू सावकाश चढते आणि पोळीभाजीचे श्रेय गोळी घेऊन जाते.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्लासिबोशी तुलना करणाऱ्या २१ चाचण्या एकत्र तपासल्या. सहभागी सगळे मिळून ३८६, आठ चाचण्यांत फक्त पुरुष, आणि एकाच उपायाची परीक्षा दोन ठिकाणी झाल्याचे एकही उदाहरण नाही. लवंगेच्या अर्कासारख्या काहींचे निष्कर्ष आशादायक दिसले, पण पुराव्याचा दर्जा अतिशय कमी ठरला. दुसऱ्या प्रयोगशाळेने तेच करून पाहिल्याशिवाय अशा आशेवर विसंबता येत नाही.

दक्षिण कोरियात, जिथे हँगओव्हरवरच्या पेयांचा मोठा खप आहे, १ जानेवारी २०२५ पासून हँगओव्हर घालवण्याचा दावा करायचा तर माणसांवरील चाचणीचा पुरावा लागतो. त्यात प्रश्नावलीतले गुण पाहायचे आणि रक्तातली अल्कोहोल व ॲसिटाल्डिहाइडची पातळीही मोजायची.