मोगऱ्याचं कलम आणि खान्देशातलं ऊन

(जळगावात आषाढात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार तायांनो. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते आणि निघताना आईच्या अंगणातल्या मोगऱ्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून सासरी नेते. ती फांदी बहुतेक वेळा जगत नाही. मग ‘हिच्या हाताला झाडं लागत नाहीत’ असं कुणीतरी बोलतं. मला ते बोलणं फार लागतं. हाताचा यात काही संबंध नसतो. चुकतो तो महिना.

आखाजीला पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. तोडलेल्या फांदीला मुळं नसतात, पानं मात्र असतात. पानांतून पाणी उडत राहतं आणि खालून ते भरून निघत नाही. जास्वंदीच्या किंवा मोगऱ्याच्या फांदीला मुळं फुटायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, वैशाखात तिचं पान दोन दिवसांत वाळतं. मुळं येईपर्यंत पान ताजं राखणं, एवढंच आपलं काम. पाऊस स्थिरावला की हवेत दमटपणा येतो, पारा उतरतो आणि हे काम निम्म्याने सोपं होतं. म्हणून आत्तापासून श्रावणातल्या कानबाईच्या सणापर्यंत, फार तर पोळ्यापर्यंत, कलमं लावून घ्या.

आता जास्वंद बघू. ही फांदी हातात घेऊन पाहा. शेंडा कोवळा हिरवा आहे, बूड करड्या सालीचं आहे. आपल्याला हवा तो मधला भाग: पेन्सिलीएवढा जाड, वाकवला तर थोडा वाकणारा, १५ सेंटीमीटर लांब. पान जिथून निघतं त्या पेऱ्याच्या लगेच खाली धारदार ब्लेडने काप घ्या, कारण मुळं सहसा पेऱ्याजवळून निघतात. खालची पानं काढा, वरची दोनच ठेवा आणि तीही कात्रीने अर्धी करा. कळी दिसली तर खुडून टाका. फूल राहिलं तर फांदीतलं अन्न तिकडे जातं. आणि बूड खाली, शेंडा वर हे नीट बघून लावा. १९२८ मध्ये फ्रित्स वेंट या डच शास्त्रज्ञाने ओटच्या कोंबावर प्रयोग करून वाढीचा रस शेंड्याकडून खाली उतरतो हे दाखवलं. तो बुडाशी साठतो, म्हणून मुळं तिथे येतात. बाजारातल्या मुळं फुटायच्या पावडरीत त्याच जातीचं द्रव्य असतं. मिळाली तर बूड तिच्यात हलकेच टेकवा, नाही मिळाली तरी जास्वंद अडून बसत नाही.

काळी माती मात्र कलमाला नको. कपाशीला ती सोनं आहे, पण पाणी धरून ठेवते आणि मुळं नसलेलं बूड तिच्यात कुजतं. नदीची धुतलेली वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं घ्या. कुंडीवर पारदर्शक पिशवी घाला आणि ती सावलीत ठेवा. पिशवीसकट उन्हात ठेवलीत तर आत पानं शिजतील.

मोगऱ्याला मी दाब कलमच सांगते. फांदी आईपासून, म्हणजे मूळ झाडापासून, तोडायचीच नाही. जमिनीलगतची लवचीक फांदी निवडा, मधल्या एका पेऱ्याखाली तिरका काप अर्ध्यापर्यंत द्या, काप मिटू नये म्हणून त्यात काडीचा तुकडा अडकवा. तेवढा भाग शेजारच्या कुंडीतल्या मातीत दोन-तीन बोटं खोल दाबा, वर विटेचा तुकडा ठेवा, शेंडा बाहेर मोकळा राहू द्या. आईकडून पाणी येत राहतं, म्हणून पान सुकत नाही. दोन-तीन महिन्यांनी आईकडची बाजू आधी अर्धी कापा, आठवड्याने पूर्ण. दिवाळीत भाऊबीजेला लेक आली की तिच्या हातात मुळांसकट कुंडी देता येते.

अनंताची फांदी खाली वाकत नाही, तिथे गुटी बांधा. बोटभर रुंदीची साल गोल काढा, आतला चिकट पापुद्रा खरवडून टाका. तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं येत नाहीत. त्यावर ओलं मॉस (एक प्रकारचं शेवाळ) गुंडाळून प्लॅस्टिकने दोन्ही टोकं घट्ट आवळा. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं, ते या कापावर अडतं आणि तिथेच मुळं फुटतात. पांढरी मुळं प्लॅस्टिकमधून दिसू लागली की खालून कापा.

कण्हेर आणि तगर सोप्या. कण्हेरीचा चीक विषारी असतो, हात धुवा, लहान मुलांना आणि गुरांना दूर ठेवा. बोगनवेलीला जाडसर जून लाकूड घ्या, तिची मुळं ठिसूळ असतात, सारखी उपटून पाहू नका.

तसं बाकीची कलमंही उपटू नका. आठ-दहा दिवसांत कोंब फुटला की आपण खूश होतो, पण तो कोंब फांदीत आधीच साठलेल्या अन्नावर येतो. मुळं असतीलच असं नाही. फांदीला हलकेच ओढून पाहा. ती खालून धरून राहिली तर मुळं आली. मग पिशवी रोज थोडी थोडी उघडी ठेवत जा, एकदम काढू नका. खत नवी पानं चांगली मोठी झाल्यावर.

मागच्या टेबलावर ओल्या गोणपाटात जास्वंदीच्या फांद्या ठेवल्यात. प्रत्येकीने दोन-दोन घ्या, ब्लेड जपून वापरा, मी येतेच तुमच्याकडे.