दुपारी अडीचची पडताळणी

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘नर्सिंग होममधील सेवेचा दर्जा कसा तपासावा’ असा छापला गेल्यामुळे सभागृहात शिरताच एका गृहस्थांनी, सुनेच्या बाळंतपणासाठी म्हापशातले कोणते ठिकाण चांगले, असे मला विचारले. चूक त्यांची नाही. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे दहा-वीस खाटांचे खासगी इस्पितळ, जिथे माणूस बरा होऊन घरी परतण्यासाठी जातो. मला बोलायचे आहे ते जिथे माणूस उरलेले दिवस काढण्यासाठी जातो, अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा पगारी माणसांकडून होते, अशा निवासांबद्दल. २०११च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले लोक शेकडा ८.६ होते, तर गोव्यात ११.२, म्हणजे केरळच्या खालोखाल. आणि ज्यांनी त्यांच्याकडे पाहायचे ती मुले आखातात किंवा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. तेव्हा हा विषय इथे बसलेल्यांपैकी कोणालाच परका नसावा.

मी डॉक्टर नव्हे. आयुष्यभर मी सरकारी हिशेब तपासले. आमच्या धंद्यात तपासणीचे दोन प्रकार असतात. पहिल्यात कागदाला कागद जुळवून पाहायचा, व्हाउचरवर हिरव्या शाईने खूण करायची आणि चहा घेऊन परत यायचे. दुसऱ्यात न कळवता गोदामात जायचे आणि पोती मोजायची. पहिल्याने सगळे खूश राहतात, दुसऱ्याने शत्रू वाढतात. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की वृद्धनिवासांची तपासणी आपण पहिल्या प्रकाराने करतो, आणि ती दुसऱ्या प्रकारानेच झाली पाहिजे. हे मला सुचले ते माझ्या आत्येमुळे, म्हणून आधी तिची हकीकत सांगतो; आमच्या घरच्यांनी ती पुष्कळदा ऐकली आहे, त्यांनी पंख्याखाली बसून विश्रांती घ्यावी.

आत्या त्र्याऐंशी वर्षांची असताना न्हाणीघरात पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. तिची दोन्ही मुले परदेशी असल्याने निवास शोधण्याचे काम माझ्याकडे आले, आणि एका तपासनिसाला शोभेल अशा काटेकोरपणे मी ते चुकीचे केले. मी जे ठिकाण निवडले त्याचे नाव इथे घेणार नाही. जुने घर, पुढे बाल्कांव, अंगणात तुळस, आत फिनेलचा घमघमाट. (फिनेल हा स्वच्छतेचा पुरावा मानण्याची आपली सवय मोडायला हवी; तो पुष्कळदा नुकत्याच झाकलेल्या गोष्टीचा पुरावा असतो.) पण मला जिंकले ते तिथल्या वह्यांनी. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता लटकत होता, त्यात दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलल्याची नोंद होती: डावी, उजवी, उताणी, आणि पुढे आद्याक्षरे. औषधांची वही वेगळी, जेवणाची वेगळी. इतक्या नीटनेटक्या वह्या मी सरकारी खजिन्यातही पाहिल्या नव्हत्या, आणि शंका तिथेच यायला हवी होती.

तीन महिने मी दर रविवारी सकाळी अकरा वाजता जात असे. आत्या न्हाऊन, वेणी घालून, पावडर लावून खुर्चीत बसवलेली असे, आणि मी समाधानाने परतत असे. एका बुधवारी जवळच्या कचेरीत काम निघाले, साहेब जेवायला गेले होते, म्हणून वेळ काढायला मी तिथे पोहोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. फाटकावरचा राखणदार झोपला होता. आत अठरा वृद्धांसाठी एकच सेविका होती, आणि तीही बाकावर झोपली होती. तिला मी दोष देत नाही, कारण ती आदल्या रात्रीपासून कामावर असल्याचे नंतर कळले. आत्या जागी होती. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, “उदक.”

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते विषयाला धरूनच आहे. आयुष्यभर मराठी पुस्तके वाचलेली ही बाई म्हातारपणी लहानपणच्या कोकणीत परतली होती, आणि सेविका परराज्यातली, तिला पाणी कळे, पानी कळे, उदक कळत नसे. आपण मराठीत उदक सोडतो आणि कोकणीत ते पितो. त्या घरात मात्र दोन्ही अर्थांनी आत्याचे उदक सुटले होते. तहानेला कोणता शब्द आहे हे तिथल्या किती माणसांना ठाऊक आहे, ही दर्जाची कसोटी मी तरी कोणत्याही तपासणी-अर्जात पाहिलेली नाही.

पाणी पाजून मी सवयीने तक्ता उचलला. घड्याळात दोन चाळीस झाले होते. तक्ता दुसऱ्या दिवशीच्या सकाळी सहापर्यंत भरलेला होता. डावी, उजवी, उताणी, एकाच हाताने, एकाच शाईत, आणि रात्रीच्या रकान्यांत अशा सिस्टरची आद्याक्षरे, जिची पाळी अजून सुरूच व्हायची होती. नोकरीत मी आगाऊ पगार पाहिला होता, आगाऊ उचल पाहिली होती. आगाऊ बदललेली कूस प्रथमच पाहत होतो. मग मी पोती मोजायला लागलो. माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती. कवळी खणात कोरड्या पेल्यात पडली होती, आणि जेवणाच्या वहीत रोज ‘पूर्ण आहार’ लिहिलेला होता. जन्मभर नुस्त्याच्या हुमणाशी, म्हणजे माशांच्या कालवणाशी, भात जेवलेल्या आणि तूर्त दात नसलेल्या बाईपुढे चपाती ठेवली जाई आणि ताट तसेच परत जाई. वजनाचा रकाना मात्र प्रामाणिकपणे रिकामा होता, कारण काट्यावर उभे राहावे लागते आणि आत्याला उभे राहता येत नव्हते. म्हणजे ज्या माणसाचे वजन सर्वांत आधी बघायला हवे, नेमके त्याचेच कोणी बघत नव्हते.

मी तक्रार केली. संचालकांनी हात जोडून सांगितले की, आजवर एकाही तपासणी समितीने आक्षेप घेतलेला नाही, आणि ते अक्षरशः खरे होते. समितीने वह्या पाहिल्या होत्या. आत्येला आम्ही घरी आणले. जखम भरायला चार महिने लागले.

तेव्हापासून अडीचचा नियम मी सर्वांना सांगत असतो. एक ते चार या वेळात आपला गोवा बंद असतो. दुकानदार झोपतो, कारकून झोपतो, तपासनीसही झोपतो. खरे तर निवासाची परीक्षा रात्री तीनला घ्यायला हवी, पण त्या वेळी आपल्याला कोणी आत घेणार नाही. दुपार ही भेटीला येणाऱ्याच्या हाती लागणारी रात्र आहे. त्या वेळी जा. आपल्याच माणसापाशी न बसता सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाची खाट शोधा. पाण्याचा पेला त्याच्या हाताला लागतो का, चष्मा आणि श्रवणयंत्र अंगावर आहे की खणात, नखे कापलेली आहेत का, टाचा लाल झाल्या आहेत का, ते पाहा. आणि घंटी वाजवून घड्याळाकडे बघत बसा.

चिटणीसांची चिठ्ठी आली आहे. साखळी गावाची शेवटची कदंब बस काही श्रोत्यांना गाठायची असल्याने मला दहा मिनिटे उरली आहेत, आणि पत्रिकेत छापलेले व्याख्यान अजून सुरू व्हायचे आहे.

बैरूतमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकवणारे अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ साली वैद्यकीय सेवेच्या दर्जाबद्दल एक निबंध लिहिला. दर्जा तीन ठिकाणी पाहता येतो, अशी त्यांची मांडणी होती: रचनेत, म्हणजे इमारत, खाटा, माणसे यांत, प्रक्रियेत, म्हणजे प्रत्यक्ष काय केले जाते त्यात, आणि परिणामात, म्हणजे रुग्णाचे शेवटी काय होते त्यात. आपली तपासणी बहुधा रचनेपाशी थांबते, प्रक्रियेच्या वह्या चाळते आणि परिणामाला हात लावत नाही. परिणामांपैकी सर्वांत स्वस्त आकडा वजनाचा. अमेरिकेतल्या निवासांच्या मूल्यमापनात एका महिन्यात शेकडा ५ किंवा सहा महिन्यांत शेकडा १० वजन घटले, तर ते नोंदवावे लागते. ४५ किलोच्या बाईचे सव्वादोन किलो घटले की चौकशी, एवढे हे सोपे आहे. आणि बसून वजन घेण्याच्या खुर्च्या मिळतात. अंथरुणातल्या जखमांचा धोका आधी ओळखण्यासाठी ब्रेडन मापनश्रेणी आहे. तिच्यात संवेदना, ओलसरपणा, हालचाल, आहार अशा सहा बाबींना गुण देतात, आणि गुण जितके कमी तितका धोका अधिक.

आकड्यांवरही आंधळा विश्वास नको. जो निवास अंथरुणाला खिळलेल्यांना घेतच नाही, त्याच्याकडे जखमा कमीच दिसणार. जो म्हाताऱ्यांना खुर्चीला बांधून ठेवतो, त्याच्याकडे पडण्याच्या घटना कमी होणार. म्हणून पडझड विचारताना बांधणेही विचारावे लागते. अमेरिकेने १९८७च्या कायद्याने सोयीखातर किंवा शिक्षा म्हणून बांधण्याला मनाई केली. २००८ साली तिथे निवासांना एक ते पाच तारे देण्याची पद्धत आली, पण कर्मचाऱ्यांचे तास निवास स्वतःच कळवत. २०१६ पासून ते पगारपत्रकांवरून घेतले जाऊ लागले. हे वाचून मला किती आनंद झाला, ते इथल्या एखाद्या निवृत्त हिशेबनिसालाच कळेल.

आपल्याकडे २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या १९व्या कलमात निराधारांसाठी जिल्ह्यात निदान एक, किमान १५० जणांचा वृद्धाश्रम उभारण्याचा उल्लेख आहे, आणि त्यांच्या कारभाराची मानके राज्याने ठरवण्याचाही आहे. प्रोव्हेदोरियाचे, म्हणजे गोव्याच्या सरकारी साहाय्य संस्थेचे, आश्रम तर पोर्तुगीज काळापासूनच्या संस्थेचे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक ठिकाणी गावातल्या दोन-तीन निवृत्त माणसांनी वेळ न कळवता जावे, अशी माझी सूचना होती. तिचा तपशील मी चार पानांवर लिहून आणला आहे आणि तो आता चिटणीसांकडे देतो.

फक्त रात्रीच्या माणसांबद्दल एक सांगून बसतो. पगारपत्रक तुम्हाला कोणी दाखवणार नाही आणि हजेरीपुस्तक माझ्या आत्येच्या तक्त्यासारखे असू शकते. तेव्हा स्वयंपाकिणीला सहज विचारा, की काल रात्री कामावरच्या माणसांची किती ताटे वाढली. तिला कुठल्याही वहीचा ताळा घालायचा नसतो.