तटस्थ माणसाचा सीआर कोण लिहितो?

(सेवेत असलेल्या आणि निवृत्त शासकीय कर्मचाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी चहा घेताना एका निवृत्त उपजिल्हाधिकारी बाईंनी मला विचारलं, "बाकीचं राहू द्या, तुमचा सीआर कोण लिहायचं ते आधी सांगा." सीआर म्हणजे कर्मचाऱ्याच्या कामाबद्दल वरिष्ठ लिहितात तो गोपनीय अहवाल.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या एका वैज्ञानिक खात्यात मी बरीच वर्षं कर्मचाऱ्यांची आपसातली भांडणं ऐकायचं काम केलं. या कामाबद्दल लोक विचारतात ते बहुतेक स्वभावाबद्दलच असतं. तुम्हाला राग येत नाही का? कुणाची बाजू घ्यावीशी वाटत नाही का? राग येतो. बाजूही घ्यावीशी वाटते. पण बाईंनी नेमकं मुळाला हात घातला. त्यांची हयात सरकारी नोकरीत गेली आहे. साहेबांबद्दलचं गाऱ्हाणं तुम्ही कितीही शांतपणे ऐकून घ्या, तुमचा गोपनीय अहवाल त्याच साहेबांच्या हातात असेल तर समोरचा माणूस तुमच्याशी मोकळं बोलत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको.

तर उत्तर असं: माझं मूल्यमापन थेट खात्याच्या प्रमुखांच्या कार्यालयातून व्हायचं. मनुष्यबळ विभाग, विधी शाखा, एखाद्या विभागाचे संचालक, यांपैकी कुणाचाही त्याच्याशी संबंध नसे. पगार मात्र त्याच खात्याचा, हे मी लपवत नाही. माझ्याकडे येणाराही ते विसरायचा नाही, आणि त्याने विसरू नयेच. तटस्थपणा अंगी असावा लागतो, हे खरंच. पण तो निम्म्याहून जास्त टेबल-खुर्चीच्या व्यवस्थेत असतो, आणि आज मला बोलायचंय ते या व्यवस्थेबद्दलच.

आयोजकांनी पत्रिकेवर मला 'अमेरिकेतले लोकपाल' करून टाकलंय. लोकपाल, लोकायुक्त ही मंडळी नागरिकांच्या तक्रारींची चौकशी करतात. ही परंपरा १८०९ साली स्वीडनमध्ये सुरू झाली आणि आपल्याकडे महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्तांचा कायदा केला. मी आयुष्यात एकही चौकशी केलेली नाही. माझं पद 'ओम्बड्समन' याच नावाचं, पण संस्थेच्या आतलं. त्याचा वंश वेगळा आहे. बॉस्टनजवळच्या एमआयटीत मेरी रो नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ पासून असं काम केलं. कुणीही यावं, काहीही सांगावं, आणि सांगितलेलं सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय खोलीबाहेर जाणार नाही, अशी ती पद्धत. अमेरिकी सरकारची आरोग्य संशोधन संस्था, एनआयएच, तिथे १९९७ मध्ये असं कार्यालय आधी प्रयोग म्हणून उघडलं आणि पुढे कायम झालं. या धंद्याची इंटरनॅशनल ओम्बड्स असोसिएशन नावाची संघटना चार गोष्टी मागते: स्वातंत्र्य, तटस्थता, गोपनीयता आणि अनौपचारिकता. पहिल्या तीन सगळ्यांना पटकन पटतात. सरकारी माणसाला चौथी पचत नाही, कारण अनौपचारिक म्हणजे कागद नाही.

अमेरिकेतल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला दाद मागायला दारं पुष्कळ आहेत. वंश, लिंग, वय, धर्म, अपंगत्व यांवरून भेदभाव झाला तर समान संधी कार्यालय. नोकरीवरून काढलं तर मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्ड. पैशांची अफरातफर दिसली तर महानिरीक्षक. युनियन असेल तर करारातली तक्रार प्रक्रिया. या प्रत्येक दारातून आत गेलात की एक नस्ती, म्हणजे फाइल, उघडते. नस्तीला क्रमांक मिळतो, समोरच्याला नोटीस जाते, आणि त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलायचं बंद करून नस्तीशी बोलू लागतात. माझ्याकडे नस्ती नव्हती. बोलताना वहीत खुणेपुरतं लिहायचो आणि प्रकरण संपलं की ते कागद कापणाऱ्या यंत्रात टाकायचो. मागे उरायचे फक्त आकडे: अमुक इतकी गाऱ्हाणी मूल्यमापनाची, अमुक इतकी बदलीची. कुणाची, ते नाही.

याला कायद्याचा आधार आहे. सरकारी खात्यांनी वाद कोर्टाबाहेर सोडवावेत म्हणून अमेरिकी काँग्रेसने १९९० मध्ये एक कायदा केला. १९९६ मध्ये तो कायम करताना वाद सोडवण्याच्या मान्य मार्गांत ओम्बड्सचाही उल्लेख आला. तटस्थ माणसाला सांगितलेलं उघड करायला लावता येत नाही, असं तो कायदा म्हणतो. अपवाद आहेत. सार्वजनिक आरोग्य किंवा सुरक्षेला धोका असेल, कायदा मोडल्याचं सिद्ध करायचं असेल, तर कोर्ट सगळं तोलून बघून तो पडदा बाजूला करू शकतं.

पण कागद नसण्याची किंमतही असते, आणि ती मी पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकायचो. मला सांगितलं म्हणजे सरकारला कळवलं असं होत नाही. भेदभावाची तक्रार असेल तर घटनेपासून ४५ दिवसांत समान संधी कार्यालयातल्या समुपदेशकाकडे जावं लागतं, आणि माझ्याकडे बसून तुम्ही कितीही वेळ बोललात तरी ते घड्याळ थांबत नाही. गोड बोलून लोकांना खोलीत बसवून ठेवायचं आणि तेवढ्यात त्यांची मुदत टळू द्यायची, याला तटस्थपणा म्हणत नाहीत. त्यातून साहेबांचा फायदा होतो, मग तुमचा हेतू काहीही असो. म्हणून कुणी येऊन बसलं की मी आधी तारीख विचारायचो. लोक म्हणायचे, आम्ही मन मोकळं करायला आलोय आणि हा गृहस्थ कॅलेंडर काढतोय!

आता एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो. खाणाखुणा बदलल्या आहेत, आणि खरं म्हणजे ही दोन-तीन प्रकरणं एकात मिसळलेली आहेत.

प्रयोगशाळांमध्ये उणे ८० अंशांचे फ्रीजर असतात. रक्ताचे, पेशींचे नमुने त्यांत वर्षानुवर्षं ठेवतात. अशाच एका फ्रीजरच्या कप्प्यांवरून भांडण पेटलं होतं. एक ज्येष्ठ तंत्रज्ञ बाई, त्या प्रयोगशाळेत सगळ्यांत जुन्या. त्यांचे वरिष्ठ वयाने बरेच लहान, हुशार, नुकतेच प्रमुख झालेले. त्यांनी कप्प्यांची नवी मांडणी ठरवली आणि बाईंना मेल पाठवली. सीसीमध्ये विभागप्रमुख. बाईंनी उत्तर दिलं, सीसीमध्ये युनियनचा प्रतिनिधी. त्यांनी मनुष्यबळ विभागाला जोडलं, बाईंनी सुरक्षा अधिकाऱ्याला. माझ्यापर्यंत विषय आला तेव्हा एका फ्रीजरची मेल डझनभर लोक वाचत होते, आणि एकाच्याही हातून एक कप्पा हललेला नव्हता.

मी दोघांना वेगवेगळं भेटलो. प्रश्न दोघांना एकच: ही मेल तुम्ही कुणी वाचावी म्हणून लिहिलीत? साहेब म्हणाले, "रेकॉर्डला राहावं म्हणून." बाई आधी काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते नमुने मी गोळा केलेत. त्यांच्यावरचा शोधनिबंध गेला, त्यात मी तळटीपेत आहे."

तेव्हा कुठे खरं भांडण खोलीत आलं. शोधनिबंधावर नाव कुणाचं असावं, याचे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीने घालून दिलेले चार निकष आहेत. कामात भरीव वाटा असावा, लिखाणात किंवा त्याच्या फेरतपासणीत सहभाग असावा, अंतिम मसुद्याला संमती असावी आणि जबाबदारी घ्यायची तयारी असावी. चारही पुरे व्हावे लागतात. नुसतं नमुने गोळा करून सांभाळलं, तर नाव आभारात जातं. म्हणजे नियमावर बोट ठेवलं तर साहेबांचं चुकलेलं नव्हतं. पण बाईंना लिखाणाला बोलावलंच नव्हतं. मग त्या दुसरा निकष पुऱ्या कशा करणार? तो मुद्दाही खोटा नव्हता.

आपल्याकडे अशा वेळी वडीलधाऱ्या माणसाने दोघांना समोर बसवून निवाडा द्यावा अशी अपेक्षा असते. बाईंनीही विचारलं, "तुम्हीच सांगा, माझं चुकलं का?" मला मत होतं. ते मी सांगितलं असतं तर एक बाजू खूश झाली असती आणि दुसऱ्या दिवसापासून मी त्या इमारतीतला आणखी एक साहेब झालो असतो. म्हणून मी विचारलं, हे वाक्य तुम्ही त्यांच्यासमोर बोलाल का? तळटीपेचं? त्या बोलल्या. साहेब गडबडले. त्यांना वाटत होतं की बाईंना आपल्या हाताखाली काम करायचा कमीपणा वाटतो.

छापलेल्या निबंधावर नाव आलं नाही, ते येणारही नव्हतं. ठरलं ते एवढंच: पुढच्या कामाआधी कोण काय करणार, कुणाचं नाव कुठे येणार, मध्येच कुणी सोडून गेलं तर माहिती कुणाकडे राहणार, हे लिहून काढायचं. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. एनआयएचच्या ओम्बड्स कार्यालयाने संशोधकांसाठी अशी प्रश्नावलीच केली आहे. शास्त्रज्ञ मंडळी तिला गमतीने लग्नाआधीचा करारनामा म्हणतात. शिवाय दोन दिवस एकमेकांशी तोंडी बोलल्याशिवाय सीसी करायचं नाही, असंही ठरलं. बाई पुढे दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत गेल्या. त्यांची मैत्री झाली वगैरे काही नाही.

दुसरं उदाहरण टपाल खात्याचं, तिथल्या. अमेरिकेच्या टपाल खात्यातलं वातावरण एके काळी फार बिघडलं होतं. १९८६ मध्ये ओक्लाहोमातल्या एडमंड गावी एका टपाल कर्मचाऱ्याने कार्यालयातच १४ सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या आणि स्वतःलाही संपवलं. एवढ्या टोकाच्या घटना थोड्याच असतात, पण रोजच्या धुसफुशीचे भेदभावाच्या तक्रारींत रूपांतर व्हायचं प्रमाण प्रचंड होतं. १९९४ मध्ये फ्लोरिडात त्यांनी 'रिड्रेस' नावाची मध्यस्थी योजना सुरू केली आणि काही वर्षांत ती देशभर नेली. या योजनेत मध्यस्थ बाहेरचे घेतले, खात्यातले नाहीत. तडजोड सुचवायची नाही, असा त्यांना दंडक. त्यांनी फक्त दोघांना एकमेकांचं ऐकता येईल असं बघायचं. बैठक कामाच्या वेळेतच व्हायची. लिसा बिंगहॅम या प्राध्यापक बाईंनी या योजनेचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यात प्रक्रियेबद्दल समाधानी असलेले लोक दहात नऊंच्या आसपास निघाले, निकालाबद्दल समाधानी असलेले त्याहून बरेच कमी. मला हे फार खरं वाटतं. हरलेल्या माणसालाही आपलं कुणीतरी पुरतं ऐकलं याची किंमत असते. पण म्हणून हरणं गोड होत नाही.

प्रत्येक भांडणात मध्यस्थ बसवावा असं मात्र मी म्हणणार नाही. लैंगिक छळाच्या बाबतीत आपला २०१३ चा कायदा शहाणा आहे. समेटाचा प्रयत्न पीडित महिलेने स्वतः विनंती केली तरच, तोही चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांच्या तडजोडीवर समेट करायचा नाही. एकाच्या हातात दुसऱ्याची नोकरी असते तिथे "बसून बोला" हे वाक्य फार सोयीचं असतं, सोय कुणाची ते सांगायला नको. त्याच कायद्याने अंतर्गत समितीवर एक सदस्य बाहेरचा घ्यायला लावला आहे. कागदावर ही लहानशी तरतूद दिसते. प्रत्यक्षात समितीतल्या ज्या माणसाचा सीआर साहेबांकडे नाही, असा तो एकमेव सदस्य असू शकतो.

आणि सीआरवर आलोच आहोत तर २००८ चा देव दत्त निकाल इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. तोवर फक्त प्रतिकूल शेरा कळवायची पद्धत होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चांगला, बरा, वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवा. म्हणजे गोपनीय अहवालातली गोपनीयता गेली, आणि जी नाराजी पूर्वी पदोन्नतीच्या वेळी कळायची ती दरवर्षी कळू लागली. हे चांगलंच झालं. पण नाराजी कळल्यावर कर्मचाऱ्याने जायचं कुठे? लेखी निवेदन द्या, हे उत्तर आहे. म्हणजे पुन्हा कागद.

आपल्याकडे कुणी हे पद निर्माण करायला निघालं तर काय होईल, ते मला दिसतंय. एखाद्या सज्जन, निवृत्त अधिकाऱ्याला नेमतील, आस्थापना शाखेशेजारची केबिन देतील, दारावर पाटी लावतील, आणि दरमहा 'प्राप्त प्रकरणे, निकाली प्रकरणे' असा तक्ता मागतील. सज्जनपणाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आस्थापना शाखेच्या व्हरांड्यातून चालत कोण त्याच्याकडे जाईल? माझी खोली मुख्य इमारतीबाहेर होती, लिफ्टसमोर वाट बघत उभं राहावं लागत नसे, आणि दोन भेटींमध्ये अर्धा तास मोकळा ठेवलेला असे, म्हणजे जाणारा आणि येणारा एकमेकांना दिसू नयेत. तो अर्धा तास मिळवायला मला अंदाजपत्रकवाल्यांशी जेवढं भांडावं लागलं तेवढं कुणाच्याच भांडणात पडावं लागलं नाही.

एका गोष्टीचं काय करायचं ते मला शेवटपर्यंत नीट जमलं नाही. एकाच लहान विभागातून तीन माणसं एकाच वरिष्ठाबद्दल येतात. प्रमुखांना सांगावं तर पाचजणांच्या विभागात ती तिघं कोण हे ओळखायला वेळ लागत नाही. न सांगावं तर चौथा येणार. मग मी तिघांनाही वेगवेगळं विचारायचो: तुमच्या बोलण्यातलं काय बाहेर नेऊ, काय नको? कधी परवानगी मिळायची, कधी नाही. नाही म्हटलं की तिथेच थांबायचो. अशा वेळी वर्षअखेरच्या अहवालात सगळ्या खात्यासाठी मिळून जे म्हणता येईल तेवढंच म्हणायचो.

एका वर्षी ते असं होतं: तिथलं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, त्यानंतर मूल्यमापनं हातात पडतात, आणि माझ्याकडची गर्दी दर वर्षी नेमकी तेव्हाच उसळते. वरिष्ठांनी वर्षाच्या मध्यावर एकदा समोरासमोर बोलावं, हा नियम आहेच, तो पाळला जात नाही, असं मी लिहिलं. प्रमुखांनी मनावर घेतलं आणि परिपत्रक काढलं. परिपत्रकासोबत एक फॉर्म आला: चर्चा झाली, होय की नाही. सगळ्या विभागांतून शंभर टक्के 'होय' आले. दोन विभागांच्या प्रमुखांनी मात्र खरंच एकेकाला बोलावून घेतलं होतं, आणि त्या ऑक्टोबरमध्ये त्या दोन विभागांतून माझ्याकडे जवळजवळ कुणीच आलं नाही. बाकीच्यांकडून नेहमीइतकेच आले, येताना भरलेल्या फॉर्मची प्रत घेऊन.

आता प्रश्न घेऊ या. बाईंचा झाला आहे, त्यांनी मागच्या रांगेला आधी संधी द्यावी.