गोष्टीतला समुद्र

श्रोतेहो, नमस्कार.

एखादी दंतकथा ऐकली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, “हे खरं आहे का हो?” प्रश्न स्वाभाविक आहे, मलाही तो पडतो. पण या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच येतं आणि गोष्ट तिथेच मिटते. म्हणून आज मी तुमच्यापुढे दुसराच प्रश्न ठेवणार आहे: ही गोष्ट इतकी वर्षं कुणी जपली, आणि कशासाठी?

इंडोनेशियात सुमात्राच्या पश्चिमेला सिमेउलुए नावाचं बेट आहे. 1907 साली तिथे भूकंप झाला, मागोमाग समुद्र चालून आला आणि कितीतरी माणसं गेली. जे वाचले त्यांनी त्या लाटेला नाव दिलं, ‘स्मोंग’. मग ती गोष्ट अंगाईत आली, रात्री पोरांना सांगायच्या कहाण्यांत आली. तिचं सार एवढंच: जमीन जोरात हलली आणि पाणी मागे हटलं, तर डोंगराकडे पळा. कशासाठी थांबू नका.

पुढची 97 वर्षं ती गोष्ट आजीकडून नातवाकडे जात राहिली. ऐकणाऱ्या बहुतेकांनी ती लाट कधी पाहिलेली नव्हती. मग 26 डिसेंबर 2004 चा दिवस उजाडला. भूकंपाचं केंद्र बेटापासून इतकं जवळ होतं की उत्तर किनाऱ्यावर लाट पोहोचायला साधारण दहा मिनिटं लागली. एवढ्या वेळात कुठला सरकारी इशारा येणार? पण लोक “स्मोंग! स्मोंग!” असं ओरडत टेकड्यांवर चढले. बेटावर सुमारे 78 हजार माणसं राहत होती. मृत्यू झाले सात. समोर सुमात्राच्या मुख्य भूमीवर, आचे प्रांतात, त्याच दिवशी दीड लाखाहून अधिक माणसं गेली.

मी हे आकडे कितीदा वाचले असतील, पण ‘सात’ या आकड्याशी आजही थांबतो. ज्या आज्यांनी ती गोष्ट सांगितली, त्यांतल्या कितीतरी केव्हाच्या गेल्या होत्या.

उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे आदिवासीही गरुडासारखा एक प्रचंड मेघपक्षी आणि देवमासा यांच्या झुंजीची कथा सांगतात. त्या झुंजीत जमीन थरथरते, समुद्र उसळतो. काही कथांमध्ये हिवाळ्यातल्या रात्रीच्या भूकंपाचा आणि वाहून गेलेल्या वस्तीचा उल्लेख येतो. आता इकडे जपानमध्ये पाहा. जानेवारी 1700 मध्ये भूकंप जाणवलेला नसताना किनाऱ्यावर लाटा आल्याची नोंद तिथल्या जुन्या दप्तरांत आहे. शास्त्रज्ञांनी लाटेला महासागर ओलांडायला लागणारा वेळ मोजला, अमेरिकेच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात बुडून मेलेल्या झाडांची वलयं तपासली, आणि अमेरिकेच्या किनाऱ्यालगत झालेल्या, या लाटा उठवणाऱ्या भूकंपाची तारीख निघाली 26 जानेवारी 1700, तिथल्या रात्री नऊच्या सुमारास. म्हणजे हिवाळा, आणि रात्रही!

पण इथे सावध राहायला हवं. प्रत्येक कथेत घडलेली घटना दडलेली असते, असं मुळीच नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर घ्या. लवणासुर जमिनीखाली लपला होता, विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेऊन त्याच्या विवराचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, अशी तिथली कथा. विवर खरोखरच आकाशातून पडलेल्या अशनीने झालेलं आहे, तेव्हा ‘पूर्वजांनी तो आघात पाहिला होता’ असं म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. तो आघात हजारो वर्षांपूर्वीचा आहे, कितींपूर्वीचा यावर अभ्यासकांचं एकमत नाही; काहींच्या मते तर तो लाखो वर्षं मागे जातो. लोकांनी पाहिला तो तयार खड्डा, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, आणि त्यातलं खारं पाणी. खारं का, याचा जाब त्यांनी कथेला विचारला आणि उत्तर आलं: असुराचं रक्त. नावातच ‘लवण’ आहे, बघा. ही कथा आठवणीतून आली नसेल, निरखण्यातून आली, आणि म्हणून माझ्या लेखी ती तसूभरही कमी नाही.

तेव्हा तुम्हाला कुणी अशी गोष्ट सांगितली, तर ती कुणाकडून ऐकली ते जरूर विचारा. तीच गोष्ट आणखी दोघा-तिघांकडून ऐका. नावं बदलतील, राक्षसाचा साप होईल. जे कुणाच्याच तोंडी बदलत नाही, तिथे कान द्या. ‘स्मोंग’मध्ये तो क्रम आहे: आधी धरणीकंप, मग ओहोटी, मग डोंगर. आणि सांगणाऱ्याला मध्येच दुरुस्त करू नका. त्याची बोली, त्याचे थांबे जसेच्या तसे टिपा.

आणखी एक. गोष्ट संपली असं वाटलं, तरी ध्वनिमुद्रण लगेच बंद करू नका. सांगणारी व्यक्ती पाणी पिते, जरा गप्प बसते, आणि मग म्हणते, “आमची आजी मात्र हे वेगळं सांगायची…”

नमस्कार.