कपाटामागचा रत्नागिरी जिल्हा

नमस्कार श्रोतेहो. आठ दिवस पुण्यात ऊन नाही. दोरीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमट. अशात कपाट उघडलं की जो कुबट वास येतो ना, त्यावरून मावशी आठवली.

मावशी सदाशिव पेठेत राहते. भूगोलाची निवृत्त शिक्षिका. एका पावसाळ्यात तिनं लग्नातला शालू काढला, तर काठावर करडे-हिरवे ठिपके! "डांबरगोळ्या जुन्या झाल्या," मावशीचं निदान. नव्या आणल्या, आता कपाटात दोन वास. काकांनी रंगारी बोलावला. त्यानं कपाट न हलवता दिसेल तेवढी भिंत रंगवली. महिन्याभरात रंगातून काळे ठिपके वर. शेवटी चौघांनी मिळून ते लोखंडी कपाट ओढलं. मागे मखमलीसारखी काळी बुरशी, वर रुंद, खाली निमुळती. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हा तर रत्नागिरी जिल्हा!" मग हात लावत लावत खाली गेली. "राजापुराकडे जास्त ओल आहे." भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं न्हाणीघर होतं. बरोबर राजापुरामागे त्यांचा नळाचा पाइप पाझरत होता!

म्हणून सांगते, आधी ओल शोधा, मग बुरशी पुसा. परत सांगते, आधी ओल. ती राहिली तर बुरशी परत येणारच, वर कितीही भारी रंग द्या.

भिंतीवर पांढरं पीठ दिसलं तर त्यावर पाणी शिंपडून बघा. विरघळलं तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून वर आलेला क्षार, बुरशी नव्हे. अर्थात ओल तिथेही आहेच. बुरशी कोरड्या झाडूनं झाडू नका, ती घरभर उडते. नाकाला मास्क लावा, साबणाच्या पाण्यानं पुसा आणि भिंत पंख्याखाली खडखडीत वाळवा. ब्लीच वापरलंत तर त्यात व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही क्लीनर घालू नका, विषारी वायू होतो. परत सांगते, ब्लीचमध्ये काहीही मिसळायचं नाही. आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

आता नव्या इमारतींना नावं स्वित्झर्लंडची आणि न्हाणीघराची खिडकी उघडते कुबट डक्टमध्ये, त्याला काय म्हणावं! असो.

शालूचे ठिपके काही गेले नाहीत. मावशीनं तो भाच्याच्या लग्नात नेसलाच, ठिपक्यांची बाजू निऱ्यांत दडवून.