चिमट्याचा भरवसा

सायकलचे पुढचे चाक ज्या दोन पायांमध्ये बसवलेले असते, त्या चिमट्याकडे, म्हणजेच फोर्ककडे, सायकलस्वाराचे लक्ष सहसा जात नाही. पुण्याजवळचा बोपदेव घाट उतरताना सायकल ताशी 50 किलोमीटर वेगाने धावत असेल, तर एका सेकंदात ती जवळजवळ 14 मीटर अंतर कापते, आणि अशा वेळी पुढचा ब्रेक दाबला की त्याचा सगळा ताण चिमट्यावर व त्याच्या वरच्या नळीवर, स्टीअररवर, येतो. साखळी तुटली तर सायकल थांबवता येते. स्टीअरर तुटला तर हँडल हातात राहते आणि चाक आपल्या ताब्यात राहत नाही.

एप्रिल 2006 मध्ये फ्रान्समधल्या पॅरिस-रूबे या सायकल शर्यतीत नेमके हेच घडले. अमेरिकी सायकलपटू जॉर्ज हिन्कापी आघाडीच्या गटात असताना दगडी रस्त्यावर त्याच्या सायकलचा स्टीअरर तुटला, हँडल सुटून आले आणि खाली कोसळल्याने त्याच्या खांद्याला दुखापत झाली. तो स्टीअरर कार्बनचा, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचे थर रेझिन नावाच्या चिकट राळेत बसवून बनवलेला, नव्हता, अ‍ॅल्युमिनियमचा होता, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण दोष केवळ कार्बनला देणे अन्यायाचे ठरेल. व्यावसायिक संघाच्या मेकॅनिकांनी रोज तपासलेल्या सायकलवर जर हे घडू शकते, तर कोणी बनवला आणि कोणी तपासला हेच ठाऊक नसलेला चिमटा केवळ छायाचित्र पाहून मागवणे किती धोक्याचे आहे, याचा विचार व्हायला हवा.

रस्त्यावरच्या सायकलचा उत्तम कार्बन चिमटा साधारण 350 ते 450 ग्रॅम वजनाचा असतो. पोलादी चिमटा त्याच्या जवळजवळ दुप्पट भरतो, पण जास्त भार आला की तो आधी वाकतो आणि इशारा देतो. कार्बन वाकून दाखवत नाही. त्याचे थर आतल्या आत सुटत जातात, वरचा रंग तसाच चकचकीत राहतो, आणि एके दिवशी तो एकदम तुटतो.

ऑनलाइन मागवलेला असाच एक स्वस्त चिमटा आम्ही बारीक दातांच्या करवतीने आडवा कापला. स्टीअररच्या नळीचा बाहेरचा व्यास 28.6 मिलिमीटर, म्हणजे मापात अगदी चोख होता. परंतु कापलेल्या तोंडावर नळीची जाडी एका बाजूला भरपूर आणि समोरच्या बाजूला कमी होती, मधले थर चिरोट्याच्या पदरांसारखे सुटलेले होते, आणि आतून बोट फिरवले तर कापडाला पडावी तशी घडी हाताला लागत होती. साच्यात थर दाबून बसवताना रेझिनमध्ये हवा राहिली किंवा धागे दुमडले, की त्या जागी ताकद उरत नाही. चिमट्यावर मात्र ‘टी-800’ असे ठसठशीत छापलेले होते. हे कार्बनच्या तंतूच्या दर्जाचे नाव आहे. थर किती आणि कोणत्या दिशेने रचले, हे त्यावरून कळत नाही, आणि चिमट्याची मजबुती बऱ्याच अंशी त्या रचनेवरच ठरते.

असे स्वस्त चिमटे बहुधा चीनमधून येतात, पण म्हणून चीनमधला माल म्हणजे वाईट, असेही समजू नये. जगातले बहुतेक नामांकित कार्बन चिमटे चीन आणि तैवानमध्येच तयार होतात. फरक चाचणीचा आणि जबाबदारीचा आहे. आयएसओ 4210 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चिमट्यावर पुढेमागे 1 लाख वेळा भार दिला जातो, शिवाय आघाताची चाचणी वेगळी घेतली जाते. ज्या विक्रेत्याकडे त्या चाचणीचा अहवाल नाही, चिमट्यावर उत्पादकाचा क्रमांक नाही आणि दोष निघाल्यास माल परत घेण्याची हमी नाही, त्याच्याकडून टायर, पेडल किंवा बाटलीची जाळी खुशाल घ्यावी. चिमटा घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रसिद्ध कंपनीचे नाव निम्म्याहून कमी किमतीत मिळत असेल, तर ते बहुधा नुसते स्टिकर असते.

चांगला चिमटासुद्धा चुकीच्या जोडणीने बिघडतो. स्टेमचे, म्हणजे हँडल स्टीअररला जोडणाऱ्या भागाचे, बोल्ट अंदाजाने आवळू नयेत. त्यावर लिहिलेल्या मर्यादेतच, बहुधा 5 न्यूटन-मीटरच्या आसपास, टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळावेत, आणि नळीच्या आत आधार देणारा एक्स्पांडर प्लग स्टेमच्या उंचीवरच बसला आहे ना, हे पाहावे.

स्वस्तातला चिमटा आधीच बसवला असेल, तर नाण्याने हलकेच ठोकत वरून खाली यावे. टणत्कार मध्येच बद्द झाला, तर ती सायकल त्या क्षणापासून उभी ठेवावी. आवाज स्वच्छ आला तरी तपासणी पूर्ण झाली असे नाही, कारण स्टीअररवरचा सर्वांत मोठा ताण ज्या दोन जागी येतो, त्या स्टेमखाली आणि खालच्या बेअरिंगपाशी झाकलेल्या असतात. चिमटा पूर्ण बाहेर काढून, फडक्याने पुसून, टॉर्चच्या उजेडात पाहिल्याशिवाय त्या दिसत नाहीत.