भाण, गिझर की सोलर? गोव्यातल्या न्हाणीचा हिशेब

नमस्कार मंडळी.

घर गरम ठेवायला काय बसवावं, यावर थंड देशांतले लोक तासतासभर बोलतात. बॉयलर, रेडिएटर, फरशीखालून फिरणारं गरम पाणी. मी फोंड्यात बसून तसला व्हिडिओ केला तर तुम्ही मला वेड्यात काढाल. आपल्याला जानेवारीच्या पहाटे एक चादर पुरते. पण आंघोळीचं पाणी मात्र गोव्यातही तापवावं लागतं. म्हणून आज न्हाणीबद्दल बोलूया.

[न्हाणीत. तांब्याचं भाण दिसतं.]

हे आमचं भाण, म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचं भांडं. चुलीवर कायमचं बसवलेलं. खाली सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, चुडतं (वाळलेल्या झावळ्या), माडाचं जे पडेल ते घालायचं. आता रोज कोण जाळ घालत बसणार? मग आपण दुकानात जातो, आणि दुकानदार विचारतो, "किती लिटरचा देऊ?" मला विचाराल तर आधी बघायचं ते हे की पाणी किती अंश तापवायचंय.

दिल्लीत जानेवारीत नळाचं पाणी साधारण १२ अंशांचं असतं. आपल्या छपरावरच्या टाकीतलं धरा २६. आंघोळीला लागतं ४०. म्हणजे तिकडच्या माणसाला २८ अंश चढवायचे, आपल्याला १४. अर्धं काम सूर्याने टाकीतच करून ठेवलेलं असतं. २० लिटरची बादली १४ अंश तापवायला विजेचं साधारण पाव ते अर्धं युनिट लागतं. सोपं करून सांगायचं तर एका युनिटात तीन बादल्या. चार माणसं, माणशी एक बादली, तर महिन्याला चाळीसेक युनिटं. विजेच्या कॉइलचा गिझर कुठलाही घ्या, पाण्याला लागणारी ही वीज कमी होत नाही. स्टार लेबलवरचे तारे बघून गिझरच्या टाकीतली उष्णता बाहेर किती झिरपते तेवढं कळतं. म्हणजे चार तारे असोत की पाच, दिवसभर बटण चालू ठेवून विसरलात तर झिरपणं चालूच.

आता लिटर. टाकीत ६० अंशांचं १५ लिटर पाणी असेल, तर त्यात थंड मिसळून ४० अंशांचं ३६ लिटर होतं, म्हणजे जवळजवळ दोन बादल्या. २ किलोवॉटच्या कॉइलला त्यासाठी १८ ते २० मिनिटं लागतात. तेव्हा पाठोपाठ आंघोळी करणाऱ्या चौघांनाही १५ लिटरचा पुरतो, मध्ये थोडं थांबलात की झालं. २५ लिटरचा मोठेपणाला बरा.

इन्स्टंट, ३ लिटर आणि ३ किलोवॉटवाला? तो मिनिटाला तीन लिटर पाणी १४ अंशांनी तापवतो. आपल्याला बरोब्बर तेवढंच हवंय! दिल्लीत कुडकुडवणारं यंत्र गोव्यात चालून जातं. फक्त बादली भरायला सात मिनिटं लागतात, आणि करंट गेला की लगेच थंड पाणी. टाकीवाल्यात तापलेलं पाणी काही तास टिकतं. पावसाळ्यात आमच्याकडे दिवे किती वेळा जातात हे मी तुम्हाला काय सांगू! म्हणून न्हाणीत टाकीवाला, स्वयंपाकघरात भांड्यांसाठी इन्स्टंट, असं माझं मत.

सोलर मला मनापासून आवडतो. १०० लिटरचा, उन्हाळ्यात फुकटात दहा बादल्या. पण गोव्यात गरम पाणी सगळ्यात जास्त हवंसं कधी वाटतं? भर मे महिन्यात तर टाकीचंच पाणी चटके देतं. ते हवं असतं जून ते सप्टेंबर, भिजून घरी आल्यावर. आणि नेमका तेव्हाच सूर्य ढगाआड. म्हणून सोलर घेतलात तरी आत विजेची कॉइल हवीच. दुसरं म्हणजे काचेच्या नळ्या. छपरावर माड झुकलेला असेल तर आधी पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा बोलवा, मग सोलरवाला. एक नारळ पडला की नळी गेलीच. आणि समुद्र जवळ असेल तर स्टँड कशाचा आहे ते विचारा. खारा वारा लोखंडाला वर्षा-दोन वर्षांत पोखरायला लागतो.

गॅस गिझर स्वस्त पडतो, हे खरं. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये चारशेच्या वर बादल्या तापतात. पण बंद न्हाणीत तो लावूच नका. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. लावायचाच तर बाहेर, उघड्या पडवीत.

हीट पंपाचं नाव फार जणांनी ऐकलेलं नसतं. फ्रीज उलटा चालवल्यासारखं ते यंत्र, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतं. हवा जितकी उबदार आणि दमट तितकं ते खूश, म्हणजे गोवा त्याला माहेरच. वीज साधारण एक तृतीयांश लागते. पण किंमत बघून चार माणसांच्या घराला मी नको म्हणेन. खोल्या भाड्याने देत असाल, रोज तीस-चाळीस बादल्या लागत असतील, तर मात्र आधी त्याचाच हिशेब मांडा.

[स्विचबोर्डकडे]

आणि कृपा करून हे ऐका. ३ किलोवॉट म्हणजे १३ अँपिअर. दिव्याच्या वायरीवर ते ओढू नका. वेगळी वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच. अर्थिंगही तपासून घ्या. आपली चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग ढिलं होतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओततो. शेजारी हसतात. हसू देत.

राहिली चवथ. गणपतीला वीसेक माणसं येतात म्हणून मोठा गिझर घ्यायचा विचार आमच्याकडेही झाला होता. आई म्हणाली, "दोन-तीन दिवसांसाठी? भाण काय शोभेला ठेवलंय?" तेव्हापासून चवथीच्या पहाटे इथे जाळ असतो. सोडणं मात्र मे महिन्यातच वाळवून माळ्यावर टाकावी लागतात. ओल्या सोडणांचा धूर डोळ्यांत गेला की बाप्पाच आठवतो.